अद्भुताचा न्याय



सुवर्णमहोत्सवानिमित्त कथावाङ्मयावर दोन शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. केंद्र सरकारच्या सेवेत आमची हयात टिपणे लिहिण्यात आणि पुराव्यावाचून काही न मानण्यात गेली. अशांनी वेताळ-राक्षसांची वकिली करावी ह्याचे आपणांस नवल वाटेल. परंतु अद्भुतकथेचे आम्ही जुने भक्त आहोत, आणि ह्या भक्तीला आधार आहे तो आपल्या पैठणचा.

सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या कथासरित्सागरात गुणाढ्याची आख्यायिका येते. हा प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा मंत्री. पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा वर्ज्य केल्या आणि अरण्यात राहून पैशाचीत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. भाषा पिशाचांची आणि अक्षरे रक्ताची, म्हणून राजाने ती अव्हेरली. मग गुणाढ्य अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि ज्वाळेत टाकी. जनावरे चरणे विसरली, अश्रू ढाळीत ऐकत राहिली. राजाच्या पाकगृहात येणारे मांस शुष्क झाले, तेव्हा कोठे चौकशी झाली. राजा धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. एक लक्ष वाचले.

वाचक, समीक्षक आणि लेखक, तिघेही ह्या एका कथेत उभे आहेत. चारा विसरणारे हरिण हा खरा वाचक. राजाने भाषेची जात पाहिली, कथा पाहिली नाही. अशी समीक्षा आजही होते.

मग अद्भुताचा न्याय करावा कसा? विक्रम-वेताळाचे उदाहरण घ्या. राजा बोलला की मौनभंग होऊन प्रेत पुन्हा झाडावर; उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर मस्तकाची शकले! इतका कडक नियम आमच्या कचेरीतही नाही. समीक्षकाने, वेताळ असतो काय, हे विचारू नये. वेताळाने आपला नियम पाळला काय, हे विचारावे. नायकाच्या सोयीसाठी लेखकाने स्वतःचाच कायदा वाकविला, तर मात्र लेखणी खुशाल परजावी.

आणि लेखकाने अद्भुत लिहावे कशाला? 1868 साली ‘मंजुघोषा’ लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबूडांनी प्रस्तावनेत सांगितले, की विवाहाच्या आणि इतर रूढींनी बांधलेल्या आपल्या आयुष्यात चित्तवेधक असे काही घडतच नाही, म्हणून कल्पनेकडे वळावे लागते. पुढे 1890 पासून हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून त्याच आयुष्यातले दुःख कादंबरीत आणले, हा मराठीचा मोठा लाभ. पण तेव्हापासून अद्भुताला आपण मुलांच्या खोलीत बसविले, आणि आता मुलेही ते इंग्रजीतून वाचू लागली.

त्याबद्दल आमची तक्रार नाही. हॅरी पॉटर आम्हीही आवडीने वाचला. परंतु गुरुग्रामच्या विसाव्या मजल्यावरची नात ती गोष्ट आजीला सांगू जाते आणि दुसऱ्याच वाक्याला तिचे मराठी संपते, तेव्हा आजी नुसती हसून मान हलविते. एक पान तेथेही जळते.

म्हणून आमची विनंती एवढीच. मुलांनी पुस्तक कोणत्याही भाषेत वाचावे, त्यावरचा वाद मात्र जेवताना मराठीत व्हावा. मुले अडखळतील, अडखळू द्यावे. आणि मंडळाच्या अंकात दरवर्षी एक पान त्यांनी रचलेल्या अद्भुतकथेसाठी राखावे. शुद्धलेखन मागाहून पाहू.

द्रोणातून जन्मलेल्या आचार्यांचे नाव जेथे मेट्रोच्या स्थानकाला आहे, त्या नगरात अद्भुताला परके कोण म्हणेल? जे एक लक्ष उरले आहे, ते तरी आपण ऐकत राहू या.