चाक बोलतं तेव्हा



समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि विदर्भातून साईबाबांच्या दर्शनाला येणाऱ्यांची वाट वेगाची झाली. सपाट भागात मोटारींना तिथे ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. अपघात वाढले तेव्हा परिवहन विभागाने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. ते चांगलंच झालं. पण टायर ज्याच्या भरवशावर फिरतो ते बेअरिंग हबच्या आत असतं, बाहेरून दिसत नाही. ते फक्त ऐकू येतं.

दहा-पंधरा वर्षं जुनी मोटार वेग घेताना घूंऽऽ असा आवाज करू लागते. वेग वाढला की आवाज चढतो. क्लच दाबला, गाडी नुसती घरंगळू दिली, तरी तो जात नाही, म्हणजे तो इंजिनचा नाही. पुष्कळ जण टायरवर ठपका ठेवतात आणि नवे टायर घालून मोकळे होतात. फरक ओळखण्याची सोय आपल्याच रस्त्यावर आहे. समृद्धीचं काँक्रीट सोडून तुम्ही डांबरी रस्त्याला लागलात की कान द्या. रस्ता बदलला तसा आवाज बदलला, तर तो बहुधा टायरचा. वेग तोच आणि आवाजही तोच राहिला, तर बेअरिंग गेलं असं समजा. वळणावरही खूण मिळते. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूवर घ्यायचा.

मग गाडी जॅकवर घ्यावी, खाली स्टँड लावावा, चाक वर-खाली धरून हलवून पाहावं. खडखड जाणवली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. तो सस्पेन्शनच्या सांध्यातलाही असू शकतो, म्हणून कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर बोट बेअरिंगकडेच जातं. आणि प्ले नसला तरी निर्धास्त होऊ नये. चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. आतली खरखर बोटांना कळते.

बेअरिंग मरतं ते बहुतेक वेळा पाण्याने आणि मातीने. ऑइल सील कडक झालं की पावसाळ्यात साचलेलं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गंज धरतो. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे वर्षानुवर्षं आपल्या बोलण्यात आहेत. तिथला एक जोरदार आदळा बेअरिंगच्या पोलादी कड्यावर, म्हणजे रेसवर, खळगा पाडायला पुरतो. गाडी धुताना जोराच्या पाण्याची नळी थेट हबवर धरतात, तेही थांबवायला हवं.

शिर्डीच्या या भागाला बेअरिंग परकं नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या टायरच्या बैलगाड्यांच्या चाकांतही बेअरिंगच फिरत आलं. हेन्री टिमकेन याने 1898 मध्ये निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्यासमोर घोडागाड्याच होत्या. वळताना चाकावर आडवा रेटा येतो, तो सोसण्यासाठी त्याने ही रचना केली.

आता बदलण्याचं काम. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या छोट्या मोटारींत हे बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हब ज्यात बसतो त्या भागात, घट्ट दाबून बसवलेलं असतं. शाफ्टचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतात. कॅलिपर सोडला की तो तारेने वर बांधायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. मग हब निघतो, सर्क्लिप निघते, आणि सगळं काम येऊन ठरतं ते प्रेसपाशी.

इथे मला आग्रहाने सांगायचं आहे. नवं बेअरिंग हातोड्याने ठोकू देऊ नका. ते नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर यायला हवा. नंतर हब आत दाबताना आधार आतल्या रेसला हवा. यात उलटसुलट झालं की सगळा रेटा छर्ऱ्यांतून जातो, रेसवर बारीक खळगे पडतात, आणि नवंकोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत घुमू लागतं. मग लोक कंपनीला दोष देतात. प्रेससाठी नकल दुसऱ्या वर्कशॉपला पाठवावी लागली, वेळ गेला, मजुरी वाढली, तरी ती आनंदाने द्यावी. सील नवं, स्प्लिट पिन नवी. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावा, अंदाजाने नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या जीपसारख्या गाड्यांची गोष्ट मात्र निराळी. तिथे पुढे निमुळत्या रोलरची जोडी असते. चाक फिरवत नट आवळायचा आणि मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे थोडा मागे घ्यायचा.

आवाज सहन होतो म्हणून शिर्डीतली गुरुपौर्णिमेची किंवा रामनवमीची गर्दी संपेपर्यंत गाडी तशीच चालवणारे टॅक्सीवाले आहेत. त्यांची रोजीची अडचण मला समजते. पण प्ले वाढला की डिस्क डुगडुगते, ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात आणि पेडल खोल जातं. कसाऱ्याच्या किंवा चंदनापुरीच्या घाटात ते खोल गेलेलं पेडल गाडीतल्या सगळ्यांच्या जिवावर बेतू शकतं.

काम झाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवून थांबा आणि दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात न्या, टेकवू नका. एक बाजू जास्त तापलेली वाटली तर त्याच दिवशी पुन्हा मेकॅनिककडे जा. काढलेलं जुनं बेअरिंगही मागून घ्या. आत गंज असेल तर पाणी शिरलं होतं, आणि दुसऱ्या बाजूचं सीलही लगेच पाहून घ्यायला हवं.