कणा शरीराचा, कणा मनाचा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



झाडावरून पडल्याने वा रस्त्यावरील अपघाताने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला गंभीर इजा झाली, की क्षणार्धात कमरेखालचे शरीर लुळे पडू शकते. "मी पुन्हा चालेन का?" हा रुग्णाचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न तो ओठांवर आणत नाही : "मी घराला भार तर झालो नाही ना?" आज या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

एके काळी असे बहुतेक रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळे दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. पण केवळ जीव वाचवून ते थांबले नाहीत. काम आणि खेळ हेही उपचारच, असे ते मानीत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा भरविली. पॅरालिंपिकचे बीज तेथे रुजले.

आपल्या सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. मूळचे ते मुष्टियोद्धे. पुढे पोहण्याकडे वळले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले.

प्रत्येकाने पदकच मिळवावे असे नाही. स्वतःच्या हातांनी चाकाच्या खुर्चीत बसणे, दुकानाचा हिशेब पाहणे, मुलांचा अभ्यास घेणे, हेही विजयच होत. मात्र झोप उडणे, अन्न नकोसे होणे, दिवसेंदिवस अबोल राहणे, जगणे नको असे वाटणे, हा मनाचा दुबळेपणा नव्हे. तो आजार असू शकतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कसला आला कमीपणा? अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या माता-भगिनींनाही विसावा हवा, हे विसरू नये.

आपण काय करावे? 'बिचारा' हा शब्द सोडावा. घरातील निर्णयात त्याचे मत घ्यावे. घराच्या, दुकानाच्या, सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी एक उतरण बांधावी. खुर्चीची चाके जेथवर जातात, तेथवर माणूस समाजात राहतो.