नोंद नाही म्हणजे पत नाही?



कल्पेश कपाडिया भारतातून अमेरिकेत गेले. तिथे कर्जफेडीची नोंद नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना क्रेडिट कार्ड मिळणं अवघड. त्यांच्यासाठी कपाडियांनी २०१३ मध्ये 'सेल्फस्कोअर' काढली. तीच पुढे 'डिझर्व्ह' झाली.

आपल्या दोडामार्गातही तेच. सिबिलचे गुण ३०० ते ९००. कधीच कर्ज न घेतलेल्यापुढे '-१'. व्याज नको म्हणून कर्ज टाळणारी आपली घरंही त्यातच. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: '-१' म्हणजे 'माहिती नाही', 'कर्जबुडवा' नव्हे.

कर्ज घ्याच, असं मी म्हणत नाही. पण गोव्यातली मजुरी रोख न घेता खात्यात घ्या. वर्षातून एकदा मोफत मिळणारा सिबिल अहवाल मागवा. बँकेने नाकारलं, तर कारण लेखी मागा. धंद्याला भांडवल लागेल, तेव्हा प्रामाणिकपणा दाखवायला कागद हवा.