झाकण कोणी उघडावे?



आज आम्ही बोलणार आहोत मोडेम नावाच्या एका लहानशा कार्डाविषयी.

निरोप दूर धाडणे या परिसराला नवे नाही. नदीपलीकडच्या खडकीहून १९२७ साली विलायतेशी बिनतारी सेवा सुरू झाली. संदेश खडकीहून जात आणि दौंडला येत. परंतु यंत्र तिथे, यंत्रज्ञ तिथे. सामान्य माणसाने खिडकीशी कागद द्यायचा आणि पैसे मोजायचे. मोडेमने ती खिडकी माणसाच्या मांडीवर आणून ठेवली.

संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. टेलिफोनच्या तारेला आवाज कळतो. मोडेम हा त्या दोघांमधला दुभाषी. तो अंकांचे सूर करून तारेवर सोडतो आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हा अंक करतो. प्रारंभीचे मोडेम सेकंदाला ३०० अंक पाठवीत, म्हणजे सुमारे तीस अक्षरे. दोन हजार अक्षरांचे पत्रक धाडण्यास मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागे. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेही याच टेलिफोनच्या तारेवरून.

ॲपलच्या १९९१ सालच्या पॉवरबुक संगणकात या कार्डासाठी जागा राखलेली होती. ते बसविण्याची रीत कारखान्यातल्या माणसाला पटेल अशीच आहे. प्रथम वीज तोडा, बॅटरी काढा. धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. तिची एक ठिणगी नाजूक भाग जाळते. स्क्रू ताऱ्यासारख्या खाचेचे असतात, म्हणून त्यांना जुळणारेच हत्यार घ्या. कार्डाचा जोड सरळ धरा आणि दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्या. बसत नसेल तर जोर करू नका. काढून पुन्हा पाहा. इथे ताकद नको, नजर हवी.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाने या भानगडीत पडावे कशाला? आजचे कित्येक संगणक पातळ आहेत, हलके आहेत, हे आम्हांस मान्य आहे. पण पुष्कळांतले भाग डाख देऊन पक्के केलेले असतात. एक भाग गेला की सारी पाटी बदला म्हणतात. ज्याचे झाकण मालकालाच उघडता येत नाही, ती वस्तू विकत घेऊनही त्याने भाड्यानेच वापरावी, असा हा प्रकार आहे.

हा झगडा जुना आहे. टेक्सासच्या टॉम कार्टरने आपले उपकरण टेलिफोनशी जोडले. बलाढ्य टेलिफोन कंपनीने हरकत घेतली. १९६८ साली अमेरिकी नियामकाने कार्टरच्या बाजूने निर्णय दिला, आणि इतरांच्या उपकरणांना तारेची वाट मोकळी झाली. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पण हक्क समितीच्या कागदावर राहिला तर कोणाच्या उपयोगाचा?

पिंपरी-भोसरीच्या कामगाराने यंत्रे चालविली, तशीच उघडून ओळखलीही. त्या ओळखीनेच त्याच्या शब्दाला वजन आले. म्हणून खरेदी करताना किमतीबरोबर एवढे विचारा: हे उघडते का? सुटा भाग मिळतो का? दुरुस्तीचे पुस्तक देता का? एकट्याने विचारले तर दुकानदार हसेल. साऱ्या गावाने विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागेल.