भिंतीविना तुरुंग

‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा चित्रपट मी शाळकरी वयात पाहिला. खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी आणि त्यांना मोकळ्या माळावर घेऊन जाणारा जेलर. ही सगळी गदिमांच्या कल्पनेची करामत, असंच तेव्हा वाटलं. पुढं कळलं, की अशी जागा खरोखरच आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंध संस्थानानं १९३९ साली मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकारानं ती वसाहत वसवली. खुनाचे गुन्हेगार तिथं बायकामुलांसह राहत, शेती करत. भोवती तुरुंगाची उंच भिंत नव्हती.

कुलूपबंद कोठडीत माणूस नीट वागला, तर श्रेय कुलपाचं. पळून जाता येत असूनही जो संध्याकाळी परत येतो, त्याचं श्रेय मात्र त्याचंच.

पण मंडळी, एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. इथं कैद्याची मुलं बापाच्या मांडीवर बसतात. ज्याचा खून झाला, त्याच्या मुलांचं काय? त्यांच्या वतीनं माफी देण्याचा अधिकार ना सरकारला, ना जेलरला, ना तुम्हा-आम्हाला. त्या घरानं माफ केलं नाही, तर त्याला बोल लावू नये.

केलेलं पुसलं जात नाही. तरीही माफी मिळणार नाही हे ठाऊक असून जो रोज सरळ वागतो, तो बदललेला माणूस आहे असं मी मानतो. त्याला कसायला जमीन द्यावी, काम द्यावं. तेवढं आपल्या हाती आहे.