लॅपटॉपचा पंखा ओरडतो तेव्हा

आज बियाण्यांचा विषय नाही की बँकेचा नाही. आज लॅपटॉपच्या पंख्याबद्दल बोलायचंय. काहीजणी म्हणतील, हिला झालं तरी काय! पण गटाच्या हिशोबाला, पोरांच्या अभ्यासाला, फॉर्म भरायला आता लॅपटॉप घरात आलेत. शहरातला भाचा नवा घेतो आणि त्याचा जुना आपल्याकडे येतो. त्यातले पुष्कळ गेम खेळायचे असतात. मी या कार्यक्रमाची रेकॉर्डिंगं करते तो लॅपटॉपही तसलाच.

गेल्या उन्हाळ्यात मी वावरच्या एका पाड्यावर धवलेरी आजींकडे गेले होते. बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्नाचे विधी चालवते. आजींचं वय झालेलं, आवाज बारीक. कितीदा विनवलं तेव्हा कुठे तयार झाल्या. कुडाचं घर, सारवलेली भिंत, आवाज घुमायचं तिथे कारणच नव्हतं. तरीपण मी शहाणी, खाली जाड गोधडी अंथरली. म्हटलं, आवाज आणखी मऊ येईल. आणि लॅपटॉप ठेवला त्याच गोधडीवर.

पाच मिनिटं झाली असतील. आजी ऐन रंगात आल्या आणि लॅपटॉपचा पंखा सुटला. भर्रर्र! भाताला वारा द्यायला मोठा पंखा लावतात ना, तसा. आजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, पण गाणं सोडलं नाही. अर्धा तास गायल्या. घरी येऊन ऐकते तर पुढे पंखा आणि पाठीमागे कुठेतरी आजी.

मला वाटलं, कॉम्प्युटरवर साफ करता येईल. ऑडॅसिटी म्हणून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात नुसत्या पंख्याच्या आवाजाचा तुकडा निवडून दाखवायचा, मग ते तसला आवाज सगळीकडून कमी करतं. हलका आवाज असला तर छान जमतं. पण इथे पंखा काढता काढता आजींचा आवाजही निघायला लागला. जो उरला तो पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखा. आजींना फोन करून विचारलं तर म्हणाल्या, एकदा म्हटलं ना बाय, सारखं सारखं कोण म्हणणार. त्यांचंही बरोबरच होतं.

तेव्हापासून मी या पंख्याच्या मागे लागले. जे कळलं ते सांगते.

पंखा उगाच ओरडत नाही. जुना शंभरचा पिवळा बल्ब आठवतो? हात लावला की चटका बसायचा. लॅपटॉप जेवढी वीज खातो, तिची शेवटी उष्णताच होते. साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ किंवा ६५ वॅटचा असतो, गेमिंगवाल्याचा पुष्कळदा १५० पासून २३० वॅटपर्यंत, कधी त्याहूनही मोठा. चार्जर हातात घ्या, विटेसारखा जड लागतो. या लॅपटॉपमध्ये नेहमीच्या चिपशिवाय चित्रांसाठी आणखी एक मोठी चिप असते, आणि दोन्ही तापतात. ती उष्णता तांब्याच्या नळ्यांतून कडेच्या बारीक पत्र्यांपर्यंत येते आणि पंखा ती बाहेर ढकलतो. चिप शंभर अंशांच्या आसपास गेली की लॅपटॉप आधी हळू होतो आणि फारच तापला तर आपोआप बंद पडतो. म्हणून पंख्याचा गळा दाबायचा नाही. काही व्हिडिओंमध्ये सॉफ्टवेअरने पंखा जबरदस्तीने हळू करायला शिकवतात. त्या वाटेला जाऊ नका. उष्णता कमी केली की पंखा आपणच शांत होतो. आणि पंख्याचं गणित आपल्या बाजूचं आहे. वेग थोडा उतरला तरी आवाज बराच उतरतो.

आता माझी चूक बघा. असले लॅपटॉप बहुतेक करून पोटाखालच्या जाळीतून हवा आत ओढतात आणि मागून, कडेने बाहेर टाकतात. मी तो गोधडीवर ठेवला म्हणजे त्याच्या नाकावर उशीच दाबली की. फळीवर नाहीतर टेबलावर ठेवा, आणि मागच्या कडेखाली बोटाच्या पेरभर जाडीचे दोन लाकडी तुकडे सारा. एका पैशाचा खर्च नाही. मागे भिंत असली तर वीतभर पुढे ओढा. बाजारात खाली ठेवायचा पंखेवाला स्टँड मिळतो, काहींना त्याने फरक पडतो. पण त्याचे पंखे वेगळे वाजतात, रेकॉर्डिंगला तो कशाला? बर्फाची पिशवी खाली ठेवणारेही मी पाहिलेत. तसलं काही करू नका, थंड पत्र्यावर दव धरतं आणि पाणी आत उतरतं.

त्यानंतर काम हलकं करायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की कोणता प्रोग्राम किती ताकद खातोय ते दिसतं. माझ्याकडे ब्राउझरची वीसेक पानं उघडी होती आणि वर विंडोजचं अपडेट चालू होतं. आजींच्या गाण्याला यातलं काय लागत होतं? आता रेकॉर्डिंगच्या आधी सगळं बंद करते, इंटरनेटसुद्धा. या लॅपटॉपांत शांत चालण्याची सोयही दिलेली असते. लेनोवोच्या गेमिंग लॅपटॉपवर एफएन आणि क्यू एकत्र दाबायचं, आसुसच्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपवर एफएन आणि एफ-५. बाकी कंपन्यांच्या लॅपटॉपात त्यांचंच सॉफ्टवेअर असतं, त्यात सायलेंट किंवा क्वाएट शोधा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली तर बहुतेक लॅपटॉपवर चिपची मधूनच उसळी घ्यायची सवय थांबते. पंखा एकाएकी सुटतो तो या उसळीनेच. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, मग सोडून द्या.

पोरं गेम खेळतात त्या घरांसाठी एक सांगते. स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल आणि गेम दीडशे बनवत असेल, तर वरची नव्वद वाया जातात आणि उष्णता मात्र सगळ्यांची होते. गेमच्या सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घालायला सांगा. पोरगा कुरकुरेल. कुरकुरू दे.

एवढं करूनही माझा पंखा थोडा वाजतच होता, तेव्हा कळलं की खरी घाण आत आहे. आपल्या घरांत चूल असते, सारवणाची माती असते, भात सडला की कोंडा उडतो. धुराचा चिकटपणा आणि ही धूळ मिळून पंखा आणि पत्र्यांच्या मधे वाकळेसारखा थर बसतो. मी जव्हारला दुकानात उघडून घेतला. दुकानदाराने तो थर अख्खा सोलून काढून माझ्या हातावर ठेवला. लाज वाटली हो! शिकलेल्या माणसाकडूनच उघडून घ्या, आणि आधी आतल्या बॅटरीची जोडणी काढली का ते विचारा. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने नाहीतर बोटाने धरून ठेवायला सांगा, नाहीतर जोराच्या हवेने तो गरगर फिरून बिघडतो. घरी तोंडाने फुंकर घालू नका, थुंकी आत जाते. आपण चुलीला फुंकणी घालणाऱ्या, तोंड आपसूक पुढे जातं!

लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर चिपवरचा लेपही बदलून घ्या. चिप आणि तांब्याचा पत्रा यांच्यामधल्या बारीक फटी तो लेप बुजवतो, आपण भिंत लिंपतो तसाच. सुकून त्याला भेगा पडल्या की उष्णता अडते आणि पंखा बिचारा उगाच पळत राहतो.

आवाजाची जात ओळखायला शिका. नुसता वाऱ्यासारखा सूं-सूं येत असेल तर वर सांगितलेल्या उपायांनी तो उतरतो. खरखर, टकटक, जात्यात खडा आल्यासारखं वाजत असेल तर पंख्याचं बेअरिंग गेलंय. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही, पंखाच बदलावा लागतो.

दिवाळीनंतर पुन्हा आजींकडे गेले. या वेळी गाणं मागितलंच नाही, नुसती भेटायला म्हणून गेले, पिशवीत लॅपटॉप होता इतकंच. दोन तास भात, नातवंडं, गुडघे एवढ्यावर बोललो. मग त्यांनीच विचारलं, तुझं ते भुरभुरणारं यंत्र आणलंस का?

लॅपटॉप पाटावर ठेवला, मागे लाकडाचे तुकडे. चार्जर काढून बॅटरीवर चालवला. बॅटरीवर हे लॅपटॉप कमी जोर लावतात, त्यामुळे कमी तापतात. शिवाय आपल्याकडे बऱ्याच घरांत अर्थिंग धड नसतं, चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये भुणभुण शिरते, तीही गेली. मागच्या वेळी माइक आजींपासून दोन हात लांब होता, तो एका वितीवर आणला आणि त्याची पाठ लॅपटॉपकडे केली. माइक जवळ आला की आवाज वाढवावा लागत नाही, म्हणून मागचा पंखाही वाढत नाही. खरं सांगायचं तर हे एवढं पहिल्याच दिवशी केलं असतं तरी अर्धं काम झालं असतं.

आजी वीस मिनिटं गायल्या. पंखा दोनदा हळूच फिरला, हेडफोन लावून शोधला तरच सापडतो. मधे एकदा कोंबडा आरवलाय, तो मी काढलेला नाही. पुढच्या भागात हे गाणं ऐकवणार आहे.