टाके सुकले, पण अंगातलं मास गेलं

आज आम्ही आमच्या बचतगटाकडून बोलतोय आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करतोय.

आमच्यातल्या एकीचं पिशवीचं ऑपरेशन झालं. डबा न्यायच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या. आठ दिवस काय नेलं? तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर, भगर, नारळपाणी. डाळ नाही, कारण डाळीनं टाके पिकतात. अंडं नाही, ते उष्ण. दुधानं पू होतो असं कुणीतरी म्हणालं, म्हणून दूधही बंद. एवढ्या मायेनं आम्ही तिला उपाशीच ठेवलं म्हणा ना. टाके निघाले, ती घरी आली. पण चुलीपुढून उठताना भिंतीला हात लावावा लागायचा, बांगड्या कोपराकडे सरकायच्या. तीन महिने झाले तरी अर्धी कळशी उचलताना हात थरथरत. पुढच्या तपासणीला आम्ही सोबत गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम भरलीय, पण मास झडलंय. हिला खायला काय देत होता?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्या घरात जशी धान्याची कणगी, तशी शरीरात चरबीची कणगी असते. साखरेचा थोडा साठा यकृतात असतो, तो दिवसभरात संपतो. पण प्रथिनांची, म्हणजे प्रोटीनची, वेगळी कणगी नसतेच. हातापायाचं, पाठीचं मास हीच ती कणगी. जखम सांधायला, जंतूंशी लढायला प्रथिनं लागतात. ताटातून आली नाहीत तर शरीर मासातून काढून घेतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही नवरात्राचे नऊ दिवस उपास करतो, आमचं कुठं मास झडतं? धडधाकट शरीर उपासात हळूहळू चरबीवर चालायला शिकतं आणि मास राखून ठेवतं. ऑपरेशन झालं, मोठा मार लागला, अंगात जंतू पसरले की हे राखणं जमत नाही. शरीर घाबरल्यासारखं वागतं, अंगात दाह असतो आणि मास भराभर मोडलं जातं. वर माणूस निजलेला, म्हणजे मासाला कामही नाही. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारास पाय मोडलेल्या रोग्यांची लघवी रोज तपासली. एका मोडक्या पायातून जाईल त्यापेक्षा किती तरी जास्त प्रथिनांचा भाग त्यातून वाहून जात होता. दुखत होता एक पाय, झिजत होतं सगळं अंग.

आयसीयूत तर फारच वेगानं. लंडनच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात दहा दिवसांत मांडीचा स्नायू सरासरी शंभरातले १७-१८ भाग बारीक झाला होता. आणि मास म्हणजे नुसते दंड नव्हेत. श्वास ओढायचा पडदाही मासाचाच. तो दुबळा झाला की खोकून कफ काढता येत नाही, श्वासाचं मशीन लवकर सुटत नाही.

"पण सलाईन चालू होतं की!" हे आम्हीही म्हणालो होतो. साखरेच्या साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाच चमच्यांएवढी साखर असते, बाकी पाणी. प्रथिनं शून्य. ताकद एका भाकरीएवढीही नाही.

मग किती लागतं? ऑपरेशननंतर साधारणपणे वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. दोन अंड्यांतून १२, दोन पेले दुधातून १२, दोन वाट्या घट्ट वरणातून १४, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि तीन भाकऱ्यांतून १५. झाले की ६०! अंडं चालत नसेल तर दही, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, पिठलं. डाळीचं वरचं पाणी मात्र नको, खालची डाळ द्या. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच. डब्याच्या डब्यांतून विकत मिळणारी महागडी पावडर प्रत्येकीला लागत नाही. भूक मेलेली असते, म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा. आणि डाळीनं, अंड्यानं टाके पिकत नाहीत. पू होतो जंतूंनी.

नुसतं खाऊन मास परत येत नाही, त्याला काम लागतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की उठून बसणं, कॉटभोवती चार पावलं, संडासला चालत जाणं. "पडून राहा, आराम कर" हे आपण प्रेमानं म्हणतो, पण ते तेवढंच महाग पडतं.

काही ठिकाणी मात्र आपलं डोकं चालवायचं नाही. मूत्रपिंडाचा आजार, साखर किंवा आतड्याचं ऑपरेशन असेल तर काय, किती, केव्हा हे डॉक्टरच सांगतील. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट देणंही धोक्याचं. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात चमचाभर पाणीसुद्धा घालू नका, ते फुप्फुसात जातं. आयसीयूत नाकातल्या नळीतून अन्न देतात. पहिल्या दिवसांत ते मुद्दाम बेतानं वाढवत नेतात आणि कितीही दिलं तरी थोडं मास झिजतंच. पण बाहेर बसलेल्या आपण विचारू शकतो: नळीतून खायला सुरू केलं का, आज किती गेलं? ऑपरेशन उद्यावर ढकललं तर विचारायचं, मग आज रात्री जेवू द्यायचं का? नाहीतर बाई दोन-दोन दिवस नुसत्या उपाशी राहतात, आणि आपल्याकडच्या बायका आधीच घरात सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खाऊन ऑपरेशनला गेलेल्या असतात.

आमची मैत्रीण आता बरी आहे. सहा महिने लागले. गेल्या महिन्यात तिच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा डब्याची पहिली पाळी तिनंच घेतली. घट्ट वरण, मऊ भाकरी कुस्करून आणि वर एक उकडलेलं अंडं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, टाके पिकतील." ती म्हणाली, "आत्याबाई, आधी खा, मग भांडा."